स्टेजवर चालतं, मग वर्गात का नाही?

2025 च्या एप्रिलमध्ये सरकारने पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय काढला आणि महाराष्ट्र पेटून उठला. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर आणखी एक भाषा कशाला? आधी त्याला आईच्या भाषेत नीट लिहू-वाचू द्या, बाकीचं मग बघू. भाषातज्ज्ञ हेच म्हणाले, शिक्षक-पालक हेच म्हणाले, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्षही हेच म्हणाले. 29 जूनला सरकारने हा निर्णय आणि मागून काढलेला सुधारित निर्णय, दोन्ही मागे घेतले. माझी बाजू तेव्हा तीच होती आणि आजही तीच आहे.

आता हाच युक्तिवाद घ्या आणि मेळघाटात चला. धारणी-चिखलदऱ्याकडचं एखादं कोरकू घर बघा. त्या घरातलं सहा वर्षांचं पोर पहिलीत जातं तेव्हा शाळेत त्याला भेटते ती मराठी. घरात तिचा वावर नाही. आठवडी बाजारात चार शब्द कानावर पडले असतील तेवढेच. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिची भावंडं झारखंडात बोलली जाणारी मुंडारी आणि संताळी. हिंदी आणि मराठी तरी सख्ख्या बहिणी, लिपीही एकच. तरीसुद्धा आपल्या पोरांना हिंदीचा भार नको म्हणून आपण रस्त्यावर उतरायला निघालो. कोरकू पोराला मराठी त्याहून कितीतरी लांबची, आणि तिला पर्यायही नाही. पहिल्या दिवसापासून तिच्यातच शिकायचं, तिच्यातच उत्तर द्यायचं. त्याच्यासाठी मोर्चा निघालेला मला आठवत नाही.

यवतमाळच्या कोलामांची कोलामी, गडचिरोलीतली गोंडी आणि माडिया या द्राविडी कुळातल्या. नंदुरबारकडे पावरी, मावची, देहवाली. पालघरला वारली, रायगडला कातकरी. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटी पाच लाख आदिवासी आहेत, म्हणजे जवळजवळ दर अकरावा माणूस. भिली गटातल्या भाषा बोलणारे देशभरात एक कोटीहून जास्त. तरी भिली संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि गोंडीही नाही.

पहिलीच्या वर्गात काय होतं ते बघा. बाई म्हणतात, पुस्तक काढा. पोर शेजारच्याकडे बघतं, तो काय करतो ते बघून दप्तरात हात घालतं. बाई चित्र दाखवून विचारतात, हे काय? पोराला चित्रातला प्राणी ठाऊक असतो. तो कुठे पाणी प्यायला येतो, त्याचं पाऊल चिखलात कसं उमटतं, हेही त्याला सांगता येईल. पण बाईंनी विचारलेलं त्याला कळलेलं नसतं आणि त्याला येतं ते बाईंना कळणार नसतं. मग ते खाली बघतं. बाई पुढच्याकडे वळतात. वर्षाअखेर शेरा पडतो: अबोल, लाजाळू, अभ्यासात मागे. मधल्या सुट्टीत हेच पोर आंब्याखाली दहा जणांना गोळा करून हातवारे करत गोष्ट सांगत असतं, पण तिकडे प्रगतिपुस्तक घेऊन कोणी जात नाही.

मागे पडते ती शाळा. तिला समोरच्या पोराची भाषा येत नाही आणि नापासाचा शिक्का पोरावर बसतो.

कायदा याबाबत गप्प नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असं संविधानाचं कलम 350-अ 1956 पासून सांगतं आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 29 सांगतं, माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावी. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत, जमेल तिथे, घरच्या भाषेवर भर देतं. यातलं ‘शक्यतो’ आणि ‘जमेल तिथे’ एवढंच आपल्या यंत्रणेने पाठ केलेलं आहे.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावने मात्र हे सगळं मनावर घेतलं. 2019 मध्ये ग्रामसभेने ठराव केला आणि गोंडी माध्यमाची शाळा स्वतः उभी केली. नाव ठेवलं पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. गोटुल म्हणजे गोंड समाजातली तरुण पोरांनी एकत्र जमून शिकायची जुनी जागा. मोहगावकरांनी तीच वर्गाच्या रूपात आणली. मुलं गोंडीतून शिकू लागली, बरोबर मराठी आणि इंग्रजीही. गावाने शासनाच्या दारात हात पसरले नाहीत. जे काम कायद्याने शासनाचं, ते गावाने आपल्या अंगावर घेतलं.

2022 मध्ये शिक्षण विभागाची नोटीस आली. शाळा अनधिकृत आहे, बंद करा. नाहीतर एक लाख रुपये दंड आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार. हा दंड ज्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 18 मधून येतो, त्याच कायद्यात मातृभाषेचं कलम 29 आहे. मधली दहा कलमं ओलांडून तिथवर जायला कोणाला सवड झाली नाही. आणि 1996 च्या पेसा कायद्याने आपल्या परंपरा, चालीरीती, सांस्कृतिक ओळख राखण्याचा अधिकार ज्या ग्रामसभेला दिला, तिच्याच शाळेला शासनाने अनधिकृत म्हटलं. गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं.

याचा मला राग येतो आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही. शिक्षणाची आस नाही म्हणून आदिवासी पालकांना वर्षानुवर्षं बोल लावले. मग एक गाव स्वतःहून उठलं, शाळा काढली, चालवली, आणि शिक्षण विभागाला त्याला पाठवण्यासारखा एकच कागद सापडला. मान्यतेचे निकष अपुरे पडत होते तर अधिकाऱ्याने गावात जाऊन बसायचं, काय कमी आहे ते सांगायचं, ती कमी भरून द्यायची. मान्यता देणं हेही त्याच खात्याचं काम आहे.

आदिवासी भाषेतून शाळा सरकारला चालवता येतच नाहीत असं नाही. ओडिशाने 2006-07 मध्ये दहा आदिवासी भाषांमधून प्राथमिक वर्ग सुरू केले. पुढे ती संख्या एकवीसवर गेली. त्या-त्या भाषेत पुस्तकं केली, ती भाषा बोलणारे शिक्षक नेमले, मुलाला हळूहळू ओडियाकडे आणि मग इंग्रजीकडे नेण्याची वाट आखली. त्या कार्यक्रमातही अडचणी आहेत, पण राज्याने जबाबदारी आपली मानली. आपल्याकडे पुण्यात 1962 पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आदिवासी भाषांवर काम झालेलं आहे, पुस्तिका निघालेल्या आहेत. त्या पुस्तिका पहिलीच्या बाईंच्या टेबलावर रोज उघड्या दिसायला हव्यात.

पण पुस्तिकेपेक्षा माणूस मोठा. पाड्यावरची भाषा बोलणारा शिक्षक वर्गात उभा राहिला की निम्मं काम झालं. हे ओळखूनच 2014 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने पेसा क्षेत्रातली शिक्षकांसह 17 संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली. आंध्र प्रदेशातलं अशाच प्रकारचं शंभर टक्के आरक्षण 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं आणि इथली भरतीही न्यायालयीन पेचात अडकली. 2024 मध्ये पोरापोरींनी नाशिकला आंदोलन केलं तेव्हा कुठे मानधनावर नेमणुकांची वाट काढली गेली. दुसऱ्याच वर्षी आश्रमशाळांतली पदं बाहेरच्या एजन्सीमार्फत भरायचं ठरलं आणि वर्षानुवर्षं रोजंदारीवर शिकवणारे बिऱ्हाड घेऊन नाशिकच्या रस्त्यावर बसले. तिकडे आदिवासी मुलांसाठीच्या केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांची भरती 2023 मध्ये दिल्लीहून झाली, परीक्षेत हिंदी सक्तीची. हजार किलोमीटरवरून आलेल्या गुरुजींना ना पाड्याची भाषा येते ना जिल्ह्याची. बदलीचा अर्ज करण्यात त्या बिचाऱ्यांचं पहिलं वर्ष जातं आणि पोरांचंही. आरक्षणाच्या आकड्यावर वाद असू शकतो. पण जो शिक्षक मुलाशी बोलू शकतो त्याला गुण जास्त, जो बोलू शकत नाही त्याला रुजू झाल्यावर सहा महिने ती भाषा शिकणं बंधनकारक, एवढी अट घालायला कोणत्या न्यायालयाची हरकत असेल?

आता आपल्या शाळांकडे येऊ. म्हणजे पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या, जिथे तुमची-आमची पोरं जातात.

डिसेंबर उजाडला की गॅदरिंग. कार्यक्रमपत्रिकेत कोळीनृत्य, लावणी, देशभक्तिपर गीत आणि एक ‘आदिवासी नृत्य’ ठरलेलं. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने प्लास्टिकच्या पानांचे घागरे येतात. पोरांच्या तोंडाला काळा रंग फासतात, गालावर पांढऱ्या रेघा, डोक्यावर पिसं, हातात पुठ्ठ्याचा भाला. मधोमध लाल कागदाची शेकोटी. ‘झिंगालाला’ छापाचं गाणं लागतं आणि तिसरीतली वीस पोरं उड्या मारतात. पालक मोबाइल वर करून शूटिंग करतात. मुख्य पाहुणे कौतुक करतात.

हे कोण आहेत? महाराष्ट्रात ज्या 45 जमाती अनुसूचित आहेत, त्यांपैकी हे कोण? वारली? ठाकर? कोलाम? भिल्ल? कोणीच नाही. जुन्या हिंदी सिनेमाने रंगवलेलं एक खोटं चित्र आहे ते, आणि शाळा ते शिक्षण म्हणून पुढे चालवते. त्या वर्गात एखादी पाडवी किंवा वळवी आडनावाची मुलगी असते. तिच्या आईच्या अंगावर तिने आयुष्यात प्लास्टिकची पानं पाहिलेली नसतात. ती त्या रात्री काय घेऊन घरी जाते? आणि तिच्या बाजूला बसणारा मुलगा तिच्याबद्दल काय घेऊन घरी जातो?

खरा तारपा नाच ज्याने पाहिला आहे त्याला हे सहन होणार नाही. भाताची कापणी होते, दिवस उघडे पडतात, आणि दुधी भोपळ्याचा केलेला तो लांबलचक तारपा फुंकणारा मैदानाच्या मध्ये उभा राहतो. श्वास न तोडता फुंकतो. बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती साखळी धरतात. तारप्याचा सूर बदलला की पाय बदलतात. तारप्याकडे पाठ करायची नाही. प्रेक्षक नावाची वेगळी जागा तिथे नसते, जो येईल तो साखळीत शिरतो. हाच नाच आश्रमशाळेतली पोरं मंत्र्यांच्या स्वागताला करतात तेव्हा तोंड व्यासपीठाकडे असतं. तारपा कोपऱ्यात जातो आणि माइक लावलेला असतो.

स्टेजवर आदिवासी चालतो, कारण तिथे तो पाच मिनिटं असतो आणि टाळ्या वाजल्या की विंगेत जातो. वर्गात तो आला तर पुस्तकं बदलावी लागतील.

वारली चित्रांचं उदाहरण घ्या. चित्रकलेच्या तासाला ती सगळीकडे असतात. त्रिकोणाला त्रिकोण जोडला की झाला माणूस, पणत्या रंगवा, कापडी पिशव्या रंगवा. लग्नाच्या घरात काय होतं ते मात्र सांगितलं जात नाही. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाष्णी चौक लिहितात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्याचा कुंचला करायचा. चौकाच्या आत पालघट देवी बसते, बाजूला झाडं, पाखरं, माणसं, नाच. चौक लिहून होईपर्यंत लग्न पुढे सरकत नाही. आणि लग्न लावते ती धवलेरी. बाई. गाणी गात लग्न लावणारी पुरोहित बाई. स्त्री-पुरुष समानतेचा धडा शिकवायला आपण कुठकुठली उदाहरणं शोधतो, आणि डहाणू-तलासरीत पिढ्यान्‌पिढ्या बाई लग्न लावते आहे हे मुंबईतल्या नववीच्या मुलाला माहीत नसतं. जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि 2011 मध्ये पद्मश्रीपर्यंत नेली. त्यांचं नाव किती शाळांत घेतात?

इतिहासाच्या तासाचीही हीच गत. 15 नोव्हेंबरला बिरसा मुंडांच्या तसबिरीला हार घालतात, तो घालायलाच हवा. पण महाराष्ट्रातले आदिवासी वीर तासाला येत नाहीत. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात. म्हणजे सत्तावनच्या उठावाच्या नऊ वर्षं आधी. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यात नाग्या कातकरी गेला. चिरनेर मुंबईपासून फार लांब नाही. शाळांच्या सहली त्याच बाजूच्या वॉटरपार्कला जातात.

एवढं न शिकवल्याची किंमत कोण मोजतं? शाळेत ज्याने आदिवासी फक्त पिसं लावलेला पाहिला, तो पुढे कॉलेजात जातो. तिथे शेजारच्या बाकावर खरीखुरी आदिवासी मुलगी बसलेली असते, राखीव जागेवर आलेली, बहुतेक वेळा घराण्यातली पहिली. तिच्याशी कसं बोलायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. ‘कोट्यातली’ एवढा एक शब्द त्याच्याकडे असतो. डॉ. पायल तडवी जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल कुटुंबातली. 22 मे 2019 रोजी तिने मुंबईत जीव दिला. सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा घरच्यांचा आरोप आहे आणि खटला न्यायालयात आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. पण शिकलेल्या माणसांच्या जगात आदिवासी मुलीला काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे जाणून घ्यायला आपण निकालाची वाट पाहायची गरज नाही. कुठल्याही वसतिगृहातल्या पोरींना विचारा.

यावर हटकून विचारलं जातं: त्यांना बाहेरच्या जगात टिकायचं आहे ना, मग मराठी-इंग्रजीच शिकवा, बोलीत अडकवून काय मिळणार? प्रश्न खोटा नाही. पाड्यावरच्या कित्येक आयाबापांना पोराने इंग्रजीच शिकावं असं वाटतं, आणि त्यांच्या वाटण्याला मी नावं ठेवणार नाही. त्यांनी तलाठ्यासमोर, दवाखान्यात, वनखात्याच्या चौकीवर भाषा येत नाही म्हणून जे सोसलं ते पोराच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पण गोंडीतून वाचायला शिकलेलं पोर मराठी लवकर वाचतं. जे वाचणं म्हणजे काय हेच न कळता अक्षरं गिरवत राहतं, ते चौथीत गेलं तरी अडखळतं. जूनमध्ये आपण टीव्हीवर बसून हेच तर सांगत होतो. मोहगावच्या शाळेतही मराठी होती, इंग्रजी होती.

आणि शाळेने मुलाकडे जायचं, हे नवंही नाही. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 पासून काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पोरं शाळेत येईनात, कारण सकाळी गुरं राखायला जावं लागे. तेव्हा या बायकांनी पालकांना दोष दिला नाही, शाळाच कुरणावर नेली. गुरं चरताहेत आणि पोरं झाडाखाली शिकताहेत. हिचंच नाव कुरणशाळा. शाळेने मुलाच्या दिवसात बसायचं, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. आज मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलच्या पहाटे, अख्खं घर फुलं वेचायला जातं आणि शाळेत मास्तर गैरहजेरीच्या रेघा ओढत बसतात. सातपुड्यात आणि मेळघाटात होळी हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण. मजुरीला गेलेली माणसं त्यासाठी गावी परततात. पण सुट्ट्यांची यादी शहराच्या हिशेबाने लागते, दिवाळीला भरपूर आणि होळीला जेमतेम. आदिवासी विकास खात्याच्या प्रकल्प कार्यालयाने ठरवलं तर ही यादी एका बैठकीत बदलते. पैसा लागत नाही, पदं लागत नाहीत, केंद्राची परवानगी लागत नाही.

सरकारकडून हव्या त्या गोष्टी वर आल्या आहेतच. तुमच्याकडून एक हवी आहे. येत्या गॅदरिंगच्या आधी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येईल: आदिवासी नृत्यासाठी ड्रेपरीचे साडेतीनशे रुपये उद्या डायरीत पाठवा. पैसे पाठवू नका. बाईंना आदराने विचारा, कोणत्या जमातीचं नृत्य बसवताय, तो नाच केव्हा करतात, कोणाकडून शिकलात? उत्तर मिळालं आणि शिकवणारा माणूस त्या समाजातला निघाला, तर पैसे द्या, वर त्याचं मानधनही वर्गणी काढून द्या. उत्तर मिळालं नाही तर मुख्याध्यापकांकडे जा आणि तो कार्यक्रम पत्रिकेतून काढायला लावा. मोकळ्या झालेल्या त्या पाच मिनिटांत काय ठेवायचं असं त्यांनी विचारलं, तर डहाणू-जव्हारच्या तारपावाल्याला बोलवायला सांगा. त्याला स्टेजवर चढवू नका. मैदानाच्या मध्ये उभा करा आणि पोरांबरोबर पालकांनाही साखळीत घ्या.